स्ट्रीमिंग स्टिक बनवणाऱ्यांनी सीमाभागातील घरेही पाहावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या खरेदीत बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूरच्या दुकानांतून टीव्हीला जोडून नेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या स्टिक आणि बॉक्स भरपूर खपतात. जाहिरातीत दरवर्षी तेच शब्द मोठ्या अक्षरांत असतात : फोर-के, डॉल्बी, जलद प्रोसेसर. टीव्ही, वायफाय आणि सेट-टॉप बॉक्सच्या जोडणी-दुरुस्तीत असलेल्यांना मात्र वेगळे चित्र दिसते. चित्र पुरेसे स्पष्ट नाही म्हणून क्वचितच कुणी तक्रार करतो. लाइट येऊन गेल्यावर स्टिक नीट चालत नाही, मराठी अक्षरे फुटतात, पेनड्राइव्हवरचे लग्न दिसत नाही, मेमरी भरून सगळे हँग होते, अशाच तक्रारी येतात. पुढच्या मॉडेलमध्ये काय सुधारायला हवे ते इथे मांडत आहोत, आणि तोवर घरच्या घरी काय करता येईल तेही.

आधी विजेचे. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आणि वळवाच्या दिवसांत तर जवळपास सगळीकडेच लाइटची ये-जा चालू असते. लाइट आली की स्टिक साधारण मिनिटभरात उठते, पण फायबरच्या राउटरला जोडणी पूर्ण करायला दोन-तीन मिनिटे लागतात. मधल्या वेळात ॲप नेट शोधते, सापडत नाही म्हणून थांबते, आणि नेट आल्यावरही कित्येकदा तिथेच अडकून राहते. त्यात भर घड्याळाची. संगणकात घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा छोटा सेल असतो, तो या स्टिकमध्ये नसतो. सुरू होताना वेळ नेटवरून घेतली जाते. ती मिळाली नाही तर तारीख जुनी राहते, आणि तारीख चुकली की ॲपच्या सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र तपासताना स्टिक ते अग्राह्य ठरवते. मग पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही आणि घरातले लोक पासवर्ड बदलत बसतात. पासवर्डला हात लावू नये. राउटरवरचा ‘पॉन’ दिवा स्थिर झाला आणि ‘लॉस’चा लाल दिवा विझला की मगच स्टिक बंद करून पुन्हा सुरू करावी, आणि सेटिंगमध्ये तारीख आपोआप घेण्याचा पर्याय चालू आहे ना ते पाहावे. कंपन्यांकडून अपेक्षा साधी आहे : घड्याळाचा सेल द्या, नेट मिळेपर्यंत स्टिक स्वतःच दर काही सेकंदांनी प्रयत्न करत राहू द्या, आणि लाइट गेली तेव्हा कार्यक्रम जिथे होता तिथूनच पुढे सुरू करा.

राउटरला छोटा यूपीएस लावला की निम्मा त्रास संपतो, पण तो घेताना चुका होतात. राउटरच्या अडॅप्टरवरचा ‘आउटपुट’ वाचा. तिथे १२ व्होल्ट असेल तर यूपीएसही १२ व्होल्टचाच हवा, ९ चालत नाही. अँपिअर मात्र तेवढेच किंवा जास्त असले तरी चालते. पिनचा आतला भाग धन आहे ना आणि जाडी जुळते ना तेही पाहा, बहुतेक राउटरना ५.५ बाय २.१ मिलिमीटरची पिन लागते. आत २,००० एमएएचचे तीन लिथियम सेल असतील तर साठवण सुमारे २२ वॉट-तास. राउटर ७ वॉट खात असेल तर घट धरून अडीच तास निघतात. त्याहून कितीतरी जास्त तासांचा दावा करणारा डबा असेल तर सेलची क्षमता विचारा.

घरात यूपीएस असूनही लाइट गेल्याबरोबर नेट जाते, असे अनेक गावांत होते. दोष राउटरचा नसतो. जीपॉन, म्हणजे थेट घरापर्यंत फायबर आणण्याच्या पद्धतीत केंद्रापासून घरापर्यंत फक्त काच आणि तिच्या वाटा करणारे स्प्लिटर असतात, वाटेत वीज लागत नाही. काही ठिकाणी मात्र फायबर खांबापर्यंत येते आणि खांबावरच्या डब्यातील कन्व्हर्टर आणि स्विचमधून पुढे साधी लॅन केबल घरात आणलेली असते. गल्लीची लाइट गेली की तो डबा बंद. जोडणी घेण्यापूर्वी केबलवाल्याला एवढेच विचारावे : घरात फायबर येणार की लॅन केबल? याचे दुसरे कारण वीज कडाडण्याचे आहे. बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या केबलमधून झटका राउटरपर्यंत येतो, आणि राउटर ते टीव्ही अशी लॅन केबल असेल तर एचडीएमआयचे पोर्टही जळते. स्टिक वायफायवर असेल तर ही साखळी राउटरपाशीच तुटते. ज्यांच्याकडे बाहेरून तांब्याची केबल येते त्यांनी ढग जमू लागले की राउटरचा प्लग काढावाच, शिवाय ती केबलही सोडवून ठेवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही.

विजेचाच एक छोटा पण फार आढळणारा घोटाळा म्हणजे स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालवणे. साध्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला ५ व्होल्टचा किमान एक अँपिअर लागतो. मेनू दिसेपर्यंत ठीक, जोरात काम लागले की स्टिक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. शिवाय टीव्ही बंद केला की स्टिकही बंद, म्हणजे रोज पहिल्यापासून सुरुवात. सोबतचा अडॅप्टरच वापरावा. हरवला तर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेला घ्यावा, आणि त्याची वायर लांब व बारीक नसावी, कारण तिच्यातच व्होल्टेज पडते.

आता भाषेचे, जे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. सीमाभागातील एकाच घरात कीर्तन आणि मालिका मराठीत, मुलांचे शाळेचे धडे कन्नडमध्ये, क्रिकेटचे समालोचन हिंदीत, असे सहज चालते. स्टिकला हे कळत नाही. नेटचा पत्ता बऱ्याचदा बेंगळुरूचा किंवा हुबळीचा दिसतो, त्यावरून ती घराची भाषा ठरवते आणि पहिल्या पडद्यावर मराठी शोधत खाली जावे लागते. कन्नड काढून टाका असे आमचे म्हणणे नाही, कन्नड कार्यक्रम पाहणारी मराठी घरे इथे भरपूर आहेत. म्हणणे एवढेच की क्रम घराने ठरवावा. फोनमध्ये ही सोय अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे : पसंतीच्या भाषांची यादी करा आणि बोटाने वर-खाली सरकवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बहुधा एकच भाषा निवडता येते. प्रत्येक प्रोफाइलला स्वतःची यादी असावी, आणि शिफारशी, आवाजाचा ट्रॅक, सबटायटल या तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने निवडल्या जाव्यात. आजीच्या प्रोफाइलमध्ये मराठी, हिंदी, कन्नड. नातवाच्या प्रोफाइलमध्ये कन्नड, मराठी, इंग्रजी. एकदा ठरवले की प्रत्येक ॲपमध्ये पुन्हा सांगायला लागू नये.

शोधण्याची गोष्टही तशीच. कार्यक्रमांची नावे पुष्कळदा रोमन लिपीत नोंदवलेली असतात, आणि मराठीचे रोमन स्पेलिंग प्रत्येकाचे वेगळे. ‘ज’साठी कुणी जे लिहितो, कुणी झेड. ‘ळ’ला वेगळे अक्षरच नाही. त्यामुळे कार्यक्रम उपलब्ध असूनही सापडत नाही. प्रत्येक मराठी कार्यक्रमाची देवनागरी नोंद सक्तीची करावी आणि रिमोटच्या माइकवर मराठी वाक्यातले कन्नड किंवा इंग्रजी नाव ओळखता यावे. तोवर स्टिकच्या कंपनीचे मोबाइल ॲप फोनवर घ्यावे. त्यातला कीबोर्ड उघडला की फोनच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डने टीव्हीवर टाइप करता येते. बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर गाठण्यापेक्षा ते फार बरे.

अक्षरांच्या मोडतोडीकडे कंपन्या काय, ॲपवालेही लक्ष देत नाहीत. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवली जाते आणि पडद्यावर आधी काढावी लागते. हे काम अक्षरजुळणी करणाऱ्या प्रणालीचे. अँड्रॉइडमध्ये ती आहे, पण काही व्हिडिओ प्लेअर सबटायटल स्वतःच रंगवतात आणि ती वापरत नाहीत. मग ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘स्त्री’चे तुकडे पडतात, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नुसता पाय मोडून उभा राहतो. कन्नडच्या ओत्ताक्षरांचेही, म्हणजे खाली जोडायच्या अक्षरांचेही, असेच होते. मराठीत ‘ल’ आणि ‘श’ची वळणे हिंदीहून निराळी आहेत. काही फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, मात्र भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली असेल तरच मराठी वळण येते. वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी हा फरक मोठा आहे. स्वतः सबटायटल तयार करणाऱ्या मंडळांनी एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करावी. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर स्टिकवर हमखास चिन्हांचा ढीग होऊन येतो, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

पेनड्राइव्हचा विषय कंपन्यांनी जवळजवळ सोडून दिला आहे. त्यांना सगळे नेटवरूनच बघायला हवे असते. इथे मात्र लग्न, बारसे, शिवजयंतीचे चित्ररथ, भजनी मंडळांचे कार्यक्रम, कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांतील साहित्य संमेलने यांचे चित्रण घरोघरी डीव्हीडीवर आणि पेनड्राइव्हवर पडून आहे, आणि ते कुठल्याही ॲपवर नाही. जुन्या डीव्हीडीतील चित्र ७२० बाय ५७६ चे, एकाआड एक ओळींनी बनलेले असते. ओळी जुळवण्याची सोय नसेल तर माणूस हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. ही सोय आणि एमपेग-२ चे डिकोडिंग प्रत्येक स्टिकमध्ये मुळातच असायला हवे. व्हीसीडीतल्या ‘डॅट’ फाइलही चालाव्यात. बहुतेक स्टिकला पेनड्राइव्हसाठी स्वतंत्र खाचच नसते. वाय आकाराची ओटीजी केबल घ्यावी लागते, जिच्या एका फाट्याला अडॅप्टर आणि दुसऱ्याला पेनड्राइव्ह. तरी एक खाच बॉक्सवर असावी, ही मागणी अवाजवी नाही.

व्हिडिओ शूटिंगवाल्या बंधूंना एक विनंती. कॅमेऱ्यातून निघालेली १० बिट ४:२:२ ची फाइल ग्राहकाला तशीच देऊ नका. स्टिकमधली चिप तिचे डिकोडिंग करू शकत नाही, चित्र थांबत-थांबत चालते किंवा हिरवे पडते. एच.२६४, ८ बिट ४:२:०, १०८०पी, ८ एमबीपीएस आणि एएसी स्टिरिओ आवाज एवढे ठेवले की कुठल्याही स्टिकवर फाइल चालते. या हिशेबाने एका तासाची फाइल ३.६ जीबी होते. फॅट-३२ च्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही, म्हणून तीन तासांच्या लग्नाचे तीन भाग करून द्या. जुन्या डीव्हीडीवरून उतरवताना हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ओळी जुळवण्याचा पर्याय चालू ठेवा.

चित्र अधूनमधून झटका देऊन पुढे जाते, विशेषतः बातम्यांची खालची पट्टी सरकताना, ही तक्रार नेटवर ढकलली जाते. अनेकदा कारण वेगळे असते. आपल्याकडचे टीव्ही प्रसारण ५० हर्ट्झच्या पद्धतीचे, त्यामुळे मालिका आणि बातम्या सेकंदाला २५ चित्रांच्या असतात. स्टिक मात्र मुळातच ६० हर्ट्झवर लावलेली येते. २५ चित्रे ६० वेळात समान वाटता येत नाहीत, म्हणून एक चित्र दोनदा, दुसरे तीनदा दाखवले जाते आणि डोळ्याला झटका जाणवतो. सेटिंगमधील डिस्प्लेत जाऊन १०८०पी ५० हर्ट्झ निवडा, पट्टी सरळ सरकू लागेल. कार्यक्रमाप्रमाणे हर्ट्झ बदलण्याची सोय अँड्रॉइड टीव्ही १२ मध्ये आली, फायर टीव्हीतही आहे, पण ॲपने साथ दिली तरच ती चालते. भारतात विकताना ही सोय पहिल्यापासून चालू ठेवावी. आवाजाचेही तसेच : संगीत मोठे आणि संवाद दबलेले ऐकू येत असतील तर स्टिक टीव्हीच्या दोन स्पीकरना सराउंड आवाज पाठवत असण्याची शक्यता आहे. ऑडिओ आउटपुट पीसीएम किंवा स्टिरिओवर ठेवा.

मेमरीची रड जुनी आहे. बाजारातील कित्येक स्टिकमध्ये ८ जीबी साठवण असते आणि वापरायला साधारण निम्मीच उरते. पाच-सहा ॲप आणि त्यांचे अपडेट यांतच ती भरते. ॲपच्या यादीत जाऊन ‘कॅशे’ साफ करा. ‘डेटा’ साफ केला तर लॉगिन जाते, हा फरक लक्षात ठेवावा. गुगलने २०२४ मध्ये आणलेल्या बॉक्समध्ये ३२ जीबी साठवण, ४ जीबी रॅम, लॅनची खाच आणि हरवलेला रिमोट वाजवून शोधण्याचे बटण आहे. म्हणजे हे सगळे शक्य आहे. स्वस्त मॉडेलमध्येही निदान १६ जीबी हवेच. त्या जागेचा आणखी एक उपयोग व्हावा : रात्री नेट मोकळे असताना कार्यक्रम स्टिकवर उतरवून ठेवणे. फोनवर हे करता येते, टीव्हीवर बहुतेक ॲप करू देत नाहीत. पावसात नेट रेंगाळणाऱ्या गावांना याची फार गरज आहे.

मोबाइल डेटावर टीव्ही पाहणाऱ्यांसाठी एक हिशेब. ५ एमबीपीएसचे एचडी चित्र तासाला सव्वादोन जीबी खाते, म्हणजे रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये एक तासही पूर्ण होत नाही. १ एमबीपीएसवर अर्ध्या जीबीहून कमी लागते. पहिल्या पडद्यावर आपोआप चालू होणाऱ्या जाहिराती आणि झलकही हाच डेटा वापरतात. फायर टीव्हीमध्ये प्रेफरन्सेसमधील फीचर्ड कंटेंटमध्ये जाऊन व्हिडिओ ऑटोप्ले बंद करता येते, प्रेफरन्सेसमध्येच डेटा मॉनिटरिंगही आहे. वायफायची ताकद सांगताना तीन कमानींऐवजी डीबीएममधला (सिग्नल मोजण्याच्या एककातला) आकडा दाखवावा, हीसुद्धा मागणी आहे. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओला पुरे, उणे ७५ च्या खाली गेले की चक्र फिरत राहणार. जाड दगडी आणि मातीच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ पोचत नाही, तिथे २.४ लावावे. शहापूर-वडगावसारख्या दाट वस्तीत २.४ वर गर्दी असते, तिथे राउटरचे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळे असेल ते ठेवावे. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात टीव्हीमागे दडपलेली स्टिक तापून मंद होते, म्हणून सोबत आलेली एचडीएमआयची छोटी वायर फेकून देऊ नये. स्टिक तिच्यावर लावून मोकळ्या हवेत ठेवावी.

जुना, एचडीएमआय नसलेला टीव्ही असेल तर ‘एचडीएमआय-टू-एव्ही’ कन्व्हर्टर लागतो. ‘एव्ही-टू-एचडीएमआय’ हा अगदी तसाच दिसणारा डबा उलट्या कामाचा आहे, आणि घाईत तोच घेतला जातो.

शेवटी बिनानावाच्या बॉक्सचे. ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या डब्यांबाबत अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये ‘बॅडबॉक्स २.०’ या घातक जाळ्याचा इशारा दिला आहे. अशा उपकरणांत कारखान्यातच किंवा पहिल्या सेटअपच्या वेळी घातक सॉफ्टवेअर शिरते आणि घरचे नेट दुसऱ्यांच्या गुन्ह्यांसाठी वापरले जाते. या डब्यांत बहुधा वाइडव्हाइन या नक्कलविरोधी संरक्षणाची एल-३ ही सर्वांत खालची पातळी असते, त्यामुळे फोर-के छापलेले असले तरी पैसे भरून घेतलेल्या बऱ्याच ॲपवर चित्र ४८०पी च्या आसपासच राहते. एचडीसाठी बहुधा एल-१ लागते. नामांकित कंपन्यांचाही एक दोष आहे : सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार हे खोक्यावर लिहिलेले नसते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जाहीर करणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही खोक्यावर निर्मितीच्या तारखेशेजारी शेवटच्या अपडेटची तारीख छापण्याची सक्ती सरकारने करावी.

हे होईपर्यंत पैसे देण्याआधी दुकानातच तपासणी करून घ्यावी. प्ले स्टोअर असलेल्या बॉक्सवर तिथल्या सेटिंगमध्ये उपकरण प्रमाणित असल्याचे दिसते का, ते पाहा. घरून पेनड्राइव्ह न्या, त्यात एक जुनी डीव्हीडीची फाइल आणि ‘किती दुसऱ्या स्त्रिया’ एवढा मजकूर असलेली सबटायटलची फाइल ठेवा. स्टिक चालू असताना प्लग काढून पुन्हा लावायला सांगा आणि ती आपोआप पूर्वीच्या जागी येते का, हे उभे राहून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

आपले,
टीव्ही व नेटवर्क जोडणीचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
बेळगाव